टेकडीवरची शाळा आणि तिची आफ्रिकेतली थोरली बहीण

संस्थेचा इतिहास सांगायला बसले की आपण बहुधा कोनशिलेपासून सुरुवात करतो. यूडब्ल्यूसी महिंद्रा कॉलेजच्या बाबतीत तसे केले तर काम एका दमात उरकते. मुळशी तालुका, पौडजवळचे खुबवली गाव, गावावरची टेकडी, साल १९९७, हरीश महिंद्रा आणि महिंद्रा उद्योगसमूहाचा पुढाकार, आर्किटेक्ट ख्रिस्तोफर बेनिंजर. तीस वर्षे पुरी होत आली, चला, आता फोटो लावा. पण कोनशिलेवर जन्मसाल असते, कूळ नसते. आणि या कॉलेजचे कूळ असे आहे की ते सांगायला मुळशीतून निघून जोहान्सबर्ग आणि स्वाझीलँडला जाऊन यावे लागते. परत येताना पुण्याच्या वेताळ पेठेतही डोकवावे लागते.

कुळकथा सहसा सांगतात ती वेल्समधल्या एका किल्ल्यापासून. तीही खोटी नाही. कुर्ट हान हे बर्लिनच्या ज्यू घराण्यातले शिक्षक. दक्षिण जर्मनीत सालेम येथे त्यांनी १९२० साली निवासी शाळा काढली. हिटलरच्या पक्षाविरुद्ध ते उघडपणे बोलले आणि १९३३च्या मार्चमध्ये तुरुंगात गेले. ब्रिटनचे पंतप्रधान रॅम्से मॅक्डोनाल्ड यांनी रदबदली केली म्हणून सुटले आणि ब्रिटनला आले. त्यांच्या अटकेच्या पुढच्याच महिन्यात, म्हणजे एप्रिल १९३३ मध्ये, जर्मनीत शाळा-कॉलेजांतल्या ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालणारा कायदा झाला. १९३८च्या नोव्हेंबरात तर जर्मन शाळांचे दार ज्यू मुलांसाठी पुरते लावून घेतले गेले. हान यांनी स्कॉटलंडमध्ये गॉर्डनस्टन शाळा काढली. पुढे १९५५ साली पॅरिसमधल्या नाटोच्या डिफेन्स कॉलेजात, दहाच वर्षांपूर्वी एकमेकांवर बंदुका रोखून उभे असलेले अधिकारी एका वर्गात शिकताना त्यांनी पाहिले. चाळिशीतल्या माणसांना हे जमते तर सोळा वर्षांच्या पोरांना का जमू नये, असा तो विचार. त्यातून १९६२ साली वेल्समधल्या सेंट डोनॅट्स किल्ल्यात अटलांटिक कॉलेज उभे राहिले. युनायटेड वर्ल्ड कॉलेज (यूडब्ल्यूसी) या चळवळीचे ते पहिले घर.

मला मात्र मुळशीच्या कॉलेजचे जवळचे नाते दुसऱ्याच घराशी वाटते. तेही टेकडीवरचेच आहे. स्वाझीलँडची राजधानी म्बाबाने, तिच्याबाहेरची टेकडी आणि त्यावरची ‘वॉटरफर्ड’ ही शाळा. देशाचे नाव आता एस्वातिनी झाले आहे. आपण त्या काळचे म्हणून जुनेच नाव घेऊ. अटलांटिक कॉलेजनंतर एकाच वर्षाने, १९६३ मध्ये, ती सुरू झाली तेव्हा पटावर सोळा मुले होती. सोळा मुलांच्या शाळेचे आपल्याला कौतुक ते काय? एकशिक्षकी शाळा मुळशीकरांनी पुष्कळ पाहिल्या आहेत. पण त्या सोळांत गोरी, काळी, मिश्रवंशीय आणि भारतीय वंशाची मुले एका बाकावर बसली होती. सीमेपलीकडे, काही तासांच्या अंतरावरच्या दक्षिण आफ्रिकेत अशी शाळा चालवणे बेकायदा होते.

बेकायदा कसे झाले, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण वॉटरफर्डचा जन्म त्यातच आहे. वर्णद्वेषी राजवट १९४८ मध्ये निवडून आली आणि १९५३ मध्ये तिने बांटू शिक्षण कायदा केला. तोवर काळ्या मुलांच्या बहुतेक शाळा मिशनऱ्यांच्या होत्या. त्या आता सरकारच्या शिक्षण खात्याकडे न जाता ‘नेटिव्ह अफेअर्स’ खात्याकडे गेल्या. खात्याचे मंत्री हेंड्रिक फरवूर्ट. त्यांचे धोरण त्यांनी संसदेत लपवून ठेवले नाही: गोऱ्या समाजात काळ्या माणसाला मजुरीच्या काही प्रकारांपलीकडे जागा नाही, मग त्याच्या मुलाला त्याहून जास्त शिकवायचे कशाला? खर्चाचे आकडे याच धोरणाने ठरले. १९७५-७६ साली सरकार गोऱ्या मुलामागे वर्षाला ६४४ रँड खर्च करत होते, काळ्या मुलामागे ४२.

जोहान्सबर्गच्या रोझेटनव्हिल भागात सेंट पीटर्स नावाची काळ्या मुलांची शाळा होती, एका ख्रिस्ती धर्मसंघाने चालवलेली. पुढे मंडेलांचे सहकारी झालेले ऑलिव्हर टांबो तिथे शिकले आणि नंतर तिथेच गणित-विज्ञान शिकवू लागले. पीटर अब्राहम्स आणि एझेकिएल म्फाहलेले हे लेखकही तिथलेच विद्यार्थी. बांटू शिक्षण कायद्याखाली गुलाम तयार करण्यापेक्षा शाळा बंद केलेली बरी, असे चालकांनी ठरवले आणि १९५६ मध्ये तिला कुलूप लावले. त्याच आवारात नंतर गोऱ्या मुलांसाठी सेंट मार्टिन्स शाळा सुरू झाली. तिचे मुख्याध्यापक होते मायकेल स्टर्न नावाचे इंग्रज शिक्षक. ज्या वर्गात टांबोंनी बीजगणित शिकवले होते, तिथे आता एकही काळे मूल येऊ शकत नाही, हे पाहत त्यांनी काही वर्षे काढली. मग ते उठले, सीमा ओलांडली आणि ब्रिटिशांच्या संरक्षणाखाली असलेल्या स्वाझीलँडमध्ये त्यांनी शाळा उभारली. लोरेन्सू मार्किश, म्हणजे आजचे मापुटो, तिथल्या पांचो गेडेश या नामवंत आर्किटेक्टने तिचे आराखडे फुकट काढून दिले. राजे सोभुझा दुसरे यांनी १९६७ मध्ये शाळेला ‘कम्हलाबा’ हे नाव दिले. त्या शब्दात ‘माती’ही आहे आणि ‘जग’ही. आपल्याकडे ‘वसुधा’ म्हणताना जे दोन्ही एकदम येते, तसेच काहीसे.

त्या शाळेत कोणाची मुले आली, ते पाहिले की शाळा म्हणजे काय होती ते कळते. नेल्सन मंडेला १९६४ पासून रॉबेन बेटावर जन्मठेप भोगत होते. त्यांच्या मुली झेनानी आणि झिंडझी जोहान्सबर्गमध्ये ज्या शाळेत घालाव्यात, तिथे सुरक्षा पोलिस पोहोचत आणि मुलींचे नाव कमी होई. अखेर विनी मंडेलांनी त्यांना स्वाझीलँडला पाठवले आणि त्या वॉटरफर्डला शिकल्या. वर्णद्वेषाविरुद्ध लढणारे धर्मगुरू डेस्मंड टुटू यांची मुले तिथे होती, मंडेलांचे सहकारी सिसुलू यांच्या घरातलीही होती. १९८१ मध्ये वॉटरफर्ड कम्हलाबा युनायटेड वर्ल्ड कॉलेजच्या परिवारात आली. हान यांनी काढलेल्या घराण्यात ती जन्माने आली नाही, सोयरिकीने आली. माझ्या मते घराण्याला खरा कणा त्या सोयरिकीने दिला. युरोपातल्या शाळांनी वेगवेगळ्या देशांच्या मुलांना एकत्र बसवले, ते चांगलेच केले. पण त्यासाठी कोणाचा कायदा मोडावा लागला नव्हता.

१९९० साली मंडेला सुटले. त्याच वर्षी भारताने त्यांना भारतरत्न दिले. १९९५ मध्ये युनायटेड वर्ल्ड कॉलेजच्या चळवळीने आपल्या अध्यक्षपदी दोन नावे घेतली, जॉर्डनच्या राणी नूर आणि नेल्सन मंडेला. म्हणजे १९९७ साली मुळशीच्या टेकडीवर पहिली तुकडी उतरली, तेव्हा संस्थेच्या शिरोभागी ज्याचे नाव होते, तो माणूस त्या चळवळीतल्या एका शाळेचा माजी पालक होता. तोही असा पालक की ज्याला मुलींच्या शाळेत पाऊल टाकता आले नाही. कोनशिलेवर हे कोरलेले नसते.

मुळशीतली टेकडी निवडली गेली, त्यामागे जागा, पाणी आणि पुण्याची जवळीक ही साधी कारणे असणार. पण इतिहास लिहिणाऱ्याला साध्या कारणांशेजारी दुसरेही काही दिसते. वेगळ्या शाळा, बंद दारे आणि ती उघडण्याची धडपड यांची भाषा या जिल्ह्याला परकी नाही. चांदणी चौकातून उलट्या दिशेने पुण्यात शिरले तर तासाभरात बुधवार पेठेत भिडे वाड्यापाशी पोहोचतो. तिथे सावित्रीबाई आणि जोतीरावांनी १८४८ मध्ये मुलींची शाळा काढली. त्यानंतर काही वर्षांतच फुल्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेताळ पेठेत महार-मांगांच्या मुलांसाठी शाळा काढली, त्यासाठी १८५३ मध्ये मंडळीही स्थापन केली. या शाळा वेगळ्याच होत्या. सरकारी शाळेत त्या मुलांना बसूच देत नसत, तेव्हा वेगळी शाळा किंवा शाळाच नाही, असे दोनच पर्याय होते. १८५६ साली धारवाडच्या एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि मुंबई सरकारने तो दिला नाही. लंडनहून ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व जातींना खुल्या असल्याचे बजावले; पण लंडनचे पत्र गावच्या पंतोजीपर्यंत पोहोचायला कित्येक दशके लागली. साताऱ्याच्या शाळेत लहान आंबेडकरांना ज्यावर वेगळे बसावे लागे, ते गोणपाट विसाव्या शतकातले आहे. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात मंजूर झाला तो ऑगस्ट १९२३ मध्ये. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा सर्वांना खुल्या, असा ठराव. पाणवठ्याचे पुढे महाडला काय झाले, ते सर्वांना माहीत आहे. शाळांच्या बाबतीत लढाई इतकी ठळक झाली नाही. ती व्हरांड्यात, पाण्याच्या माठाशी, शेवटच्या बाकाशी, तुकड्यातुकड्यांनी चालू राहिली.

दोन इतिहास शेजारी ठेवले की मोह होतो तो समीकरण मांडण्याचा: जात म्हणजे वंश, वेताळ पेठ म्हणजे जोहान्सबर्गची सोवेटो ही काळ्यांची वस्ती. तसे मांडू नये. जात रंगावरून ओळखता येत नाही आणि वर्णद्वेषी राजवटीसारखा लेखी कायदाही तिच्यामागे नव्हता. तिला कायद्याची गरजच पडली नाही. पण ज्यांनी हे भोगले, त्यांनी मात्र एकमेकांना फार लवकर ओळखले. १८७३ साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ छापली, ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या लोकांना अर्पण करून. अमेरिकेतली गुलामी कायद्याने संपून तेव्हा आठच वर्षे झाली होती. १९४६ मध्ये आंबेडकरांनी डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिले: अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचे वाचले, त्याची प्रत मिळेल का? डुबॉइस यांचे उत्तर आले. त्याच वर्षी भारताने दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या तरुणांनी संघटना काढली, तिला नाव दिले दलित पँथर. अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे पाहूनच.

वेगळ्या शाळेबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो. ती गैरसोयीची आहे, म्हणून सहसा वगळली जाते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ मे १९५४ रोजी ब्राउन खटल्यात निकाल दिला की सरकारी शाळांत रंगावरून मुले वेगळी बसवणे घटनाबाह्य आहे. १८९६च्या ‘वेगळे पण समान’ या निकालाचे शाळांपुरते कंबरडे मोडले. १९५७ मध्ये लिटल रॉकच्या हायस्कुलात नऊ मुलांना आत नेण्यासाठी राष्ट्राध्यक्षांना सैन्य पाठवावे लागले. हे सगळे खरे आणि थोर. पण शाळा एकत्र करताना दक्षिणेतल्या राज्यांनी बंद केल्या त्या बहुतेक काळ्यांच्या शाळा, आणि हजारो काळे शिक्षक घरी बसले. त्याच शाळांनी तोवर एक वेगळेच काम केले होते. कार्टर वूडसन या इतिहासकाराने १९२६च्या फेब्रुवारीत ‘निग्रो हिस्टरी वीक’ सुरू केला, तो मूळ धरून वाढला काळ्यांच्या वेगळ्या शाळांत, काळ्या शिक्षकांच्या हातून. गोऱ्यांच्या पाठ्यपुस्तकात आपले आजोबा नाहीत, तेव्हा ते फळ्यावर आपणच लिहायचे. आज फेब्रुवारी महिनाभर पाळला जाणारा ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’ १९७६ मध्ये त्या आठवड्यातूनच वाढला.

आपल्याकडे याचे उत्तम उदाहरण मुक्ता साळवे. फुल्यांच्या शाळेत शिकणारी चौदा वर्षांची मांग मुलगी. तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’त दोन हप्त्यांत छापून आला. धर्म, भूक, जमीन, बाळंतिणीचे हाल, सगळे त्यात आहे. एकत्र शाळेत शेवटच्या कोपऱ्यात बसवलेल्या मुलीला तो लिहिता आला असता का, याचे उत्तर मला ठामपणे देता येत नाही. सेंट पीटर्सला कुलूप लागले तेव्हा रडलेले लोकही काळ्यांच्या शाळेसाठीच रडले होते. लादलेले वेगळेपण आणि आपले आपण उभारलेले घर यांतला फरक बाहेरच्या माणसाला पटकन दिसत नाही.

आता टेकडीकडे. बेनिंजर हे अमेरिकेत जन्मलेले, हार्वर्डमध्ये शिकवून भारतात आलेले आणि पुण्यात स्थायिक झालेले. मुळशीच्या उतारावर त्यांनी काळ्या बसाल्टच्या भिंती अशा बांधल्या की लांबून पाहणाऱ्याला ते आधी गावकुसच वाटावे. आत दोनशेच्या वर मुले, सोळा ते एकोणीस वयाची, डझनावारी देशांची. देशोदेशींच्या समित्या त्यांना निवडतात आणि ज्यांना परवडत नाही त्यांना शिष्यवृत्ती मिळते. शिकायचे ते इंटरनॅशनल बॅकलॉरिएट (आयबी), दोन वर्षांचा डिप्लोमा. एका खोलीत तीन-चार जण, प्रत्येकाचा देश वेगळा. वॉटरफर्डच्या पहिल्या वर्षी जे धाडस होते, ते इथे वेळापत्रकाचा भाग आहे. हे चांगले लक्षण मानायचे की नाही, यावर जुन्या शिक्षकांशी वाद घालायला मला आवडेल. माणसे निवडून एकत्र आणणे आणि गावातली सगळी मुले एका शाळेत बसवणे, ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे जास्त अवघड आहे, आणि ते खालच्या गावांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा कोणताही गाजावाजा न करता करत आल्या आहेत.

टेकडीचा शेजारही साधा नाही. ज्या मुळशीच्या नावाने तालुका ओळखला जातो, ते मूळ गाव धरणाच्या पोटात गेले. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी टाटांच्या वीज प्रकल्पाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट पुढे होते. बापटांना ‘सेनापती’ म्हणू लागले ते इथेच. धरण झालेच. अशा तालुक्यात उद्योगसमूहाच्या पैशातून एक जागतिक शाळा उभी राहते, यातला पेच मला लपवावासा वाटत नाही. शाळेनेही तो वर्गात घ्यावा. आणि तो घेताना बांध-वावराचा मालक असलेल्या मावळ्याबरोबरच ज्याच्या नावावर वावर कधी नव्हतेच, त्या कातकऱ्याचेही नाव घ्यावे.

इतिहासाच्या तासाला घ्यायला जागाही आहे. आयबीच्या इतिहासाचा जो अभ्यासक्रम २०१७च्या परीक्षांपासून आला, त्यात ‘हक्क आणि निषेध’ असा एक विषय आहे. त्याची दोनच प्रकरणे: अमेरिकेतली नागरी हक्क चळवळ, १९५४ ते १९६५, आणि दक्षिण आफ्रिकेतला वर्णद्वेष, १९४८ ते १९६४. पहिले ब्राउन निकालाने सुरू होते. दुसरे मंडेलांच्या जन्मठेपेने संपते. शेवटून दुसऱ्या वर्षी, १९६३ मध्ये, म्बाबानेच्या टेकडीवर सोळा मुले शाळेत आलेली असतात. त्यांचा उल्लेख अभ्यासक्रमात नाही, पण ती या घराण्याची आहेत. वेताळ पेठेचाही नाही. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांकडून फार अपेक्षा नको. डिप्लोमासाठी प्रत्येक विद्यार्थ्याला चार हजार शब्दांचा एक निबंध आपल्या पसंतीच्या विषयावर लिहावा लागतो, आणि शिक्षकांनी सुचवले तर तिथे मुक्ताबाईंचा निबंध आणि वूडसन यांचा आठवडा शेजारी ठेवता येतो. चौदा वर्षांच्या मुलीचे लेखन सतरा वर्षांच्या मुलांनी वाचायला हरकत कसली?

वर्गात सोबत काय न्यावे, असे कोणी विचारले तर मी ‘गुलामगिरी’ सुचवीन. पुस्तक मराठी, पण तिची अर्पणपत्रिका आणि पहिली प्रस्तावना जोतीरावांनी इंग्रजीत लिहिली. ज्यांना अर्पण केली, त्यांना ती वाचता यावी हा हेतू असणार. त्यामुळे अटलांटाहून किंवा म्बाबानेहून आलेल्या, मराठीचा गंध नसलेल्या मुलालाही पुस्तक उघडल्याउघडल्या पहिली पाने सरळ वाचता येतात. मग एकाएकी धोंडीबा आणि जोतीराव यांचा संवाद सुरू होतो, खणखणीत, रोखठोक मराठीत. अनुवाद आहेत, ते ग्रंथालयात ठेवावेत. पण त्या पानावर आल्यावर पुस्तक हातात घेऊन टेकडी उतरावी आणि पौडच्या बाजारात कोणालाही विचारावे, हे मला वाचून दाखवाल का?